तीस सप्टेंबरनंतरची हजेरी

सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरूतल्या आमच्या शिवाजीनगरचं नाव महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत गाजलं. इथल्या होऊ घातलेल्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचं नाव द्यावं अशी शिफारस करू, असं कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या सेंट मेरी बॅसिलिकाच्या सणात म्हणाले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचा निषेध केला. लगेच पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. "अगं, तुमच्याकडं महाराजांचं नाव पुसायला निघालेत म्हणे?" तिची कळकळ खरी होती. बेंगळुरू १६३८ पासून शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, ते नाव मलाही जिव्हाळ्याचं आहे. पण मी तिला म्हटलं, "ताई, नावाचा निर्णय व्हायचा तो होईल. त्या नावाखाली राहणारी पोरं कॉलेजात किती शिरतात आणि किती टिकतात, हेही कुणीतरी विचारायला हवं गं. मी त्या प्रश्नाची वाट बघतेय."

माझी सदतीस वर्षं याच हिशेबात गेली. १९८० साली बेंगळुरूच्या सरकारी पदवी कॉलेजात कारकून म्हणून लागले आणि २०१७ साली कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधला बहुतेक काळ प्रवेशाचं टेबल माझ्याकडे होतं. जून-जुलैत सकाळी नऊपासून रांग लागायची. रसेल मार्केटात मटणाचं दुकान असलेल्याचा मुलगा, कमर्शियल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत साड्यांना फॉल लावणाऱ्या बाईची मुलगी, बोअरिंग हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या आयाचा भाऊ. कुणी तमिळ बोलायचं, कुणी उर्दू, कुणी कन्नड, कुणी तेलुगू. वर्षातून दोन-चार वेळा खिडकीपलीकडून आमच्या घरची मराठीही ऐकू यायची, कन्नडच्या हेलातली, आणि मी मान वर करून बघायची.

एक जानेवारी मला विसरता येत नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी टेबलाशी आली आणि पीयूसीचं, म्हणजे बारावीचं, मूळ मार्क्स कार्ड परत मागू लागली. पीण्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एका गारमेंट कारखान्यात तिला काम मिळत होतं, वयाचा पुरावा हवा होता. वडील अंथरुणाला खिळले होते, धाकटी दोन भावंडं शाळेत होती. मी कार्ड काढून दिलं, रजिस्टरात सही घेतली. जाताना तिनं विचारलं, "मॅडम, माझं नाव काढणार का?" मी म्हटलं, नाही, टीसी घेतल्याशिवाय नाव निघत नाही. तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आपली जागा राखलेली आहे.

जागा राखलेली नव्हती. फक्त नाव होतं. त्या वर्षीच्या प्रत्येक कागदावर ती शिकत होती. विभागाला गेलेल्या माहितीत, विद्यापीठाला गेलेल्या यादीत, वार्षिक अहवालात, सगळीकडे ती आमची विद्यार्थिनी होती. प्रत्यक्षात ती शर्टाच्या कॉलरी शिवत होती. तिच्यासारखी त्या वर्गात आणखी किती होती, हे मला हजेरीपटावरून बोटं मोजून सांगता आलं असतं. पण तो आकडा माझ्याकडे कुणी मागितला नाही. सदतीस वर्षांत एकदाही नाही.

हे का होतं, ते वाचकांना समजावं म्हणून सांगते. उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण २०११ मध्ये सुरू झालं. कॉलेजांनी भरायचा फॉर्म डीसीएफ-२ या नावानं ओळखला जायचा. मुलगे किती, मुली किती, अनुसूचित जाती-जमातींचे किती, मुस्लिम किती, दिव्यांग किती, शिक्षक किती, असे रकाने असायचे. फार चांगलं काम आहे ते, आणि मी ते मन लावून केलं. पण या मोजणीची एक संदर्भ तारीख असते. माझ्या वेळी ती तीस सप्टेंबर होती. त्या दिवशी पटावर जेवढी नावं, तेवढे विद्यार्थी. आता सगळं ऑनलाइन झालं, तरी मोजणी एका ठरावीक दिवसाचीच. २०२१-२२ च्या अहवालात देशातले ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी मोजले गेले, त्यांत २ कोटी ७ लाख मुली. अठरा ते तेवीस वयाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण २८.४ टक्के पडतं. हा आकडा वाचून आनंद होतो आणि व्हायलाही हवा. पण तो आनंद त्या एका दिवसाचा आहे. कॉलेजचं वर्ष त्यानंतरही कित्येक महिने चालतं आणि पोरं गळतात ती त्याच महिन्यांत.

माझं म्हणणं एवढंच आहे: कॉलेजच्या वर्षाची मोजणी दोन टोकांना व्हावी. किती आले हे जसं सांगतो, तसं किती उरले हेही सांगावं. आणि त्याच कागदावर कारभार कोण पाहतं, त्यांची नावं असावीत. कारभार आणि पट या दोन गोष्टी एकाच पानावर आल्याशिवाय कॉलेजचा हिशेब पुरा होत नाही.

हे मला आमच्याच शहरातल्या एका जुन्या कॉलेजनं शिकवलं.

१८५८ साली जॉन गॅरेट यांच्या हाताखाली बेंगळुरूत एक सरकारी हायस्कूल सुरू झालं. पुढे शिलालेखांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झालेले बी. लुईस राइस तिथे हेडमास्तर होते. तेच हायस्कूल सेंट्रल कॉलेज झालं. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी, सगळं मद्रास विद्यापीठाचं. बेंगळुरूच्या पोरानं काय शिकायचं, हे मद्रासेत ठरायचं. २७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालं आणि हे बदललं. संस्थानात उभं राहिलेलं देशातलं हे पहिलं विद्यापीठ. कुलपती महाराज कृष्णराज वडेयर, दिवाण विश्वेश्वरय्या, पहिले कुलगुरू एच. व्ही. नंजुंडय्या. सुरुवातीला विद्यापीठाखाली दोनच कॉलेजं होती: म्हैसूरचं महाराजा कॉलेज कला शाखेसाठी आणि बेंगळुरूचं सेंट्रल कॉलेज विज्ञानासाठी. कॉलेजच्या कारभाराच्या इतिहासात यापेक्षा मोठं वर्ष सापडायचं नाही. निर्णय परक्या प्रांतातून आपल्या घरी आला.

त्या वर्षी माझे आजोबा सोळा वर्षांचे होते. शिवाजीनगरला तेव्हा ब्लॅकपल्ली म्हणायचे. आम्ही नामदेव शिंपी. कॅन्टोन्मेंट वसलं तेव्हा पलटणींच्या मागोमाग जे कारागीर आले, त्यांत आमचं घर आलं, असं घरात सांगतात. पहिलं महायुद्ध चालू होतं, खाकी कापडाचे तागे येऊन पडत होते. आजोबा दिवसभर गणवेशांना काजं करायचे. त्यांच्या उजव्या तर्जनीच्या टोकावर अंगुस्तान्यानं पडलेला घट्टा मी लहानपणी चाचपून पाहिलाय. सेंट्रल कॉलेज त्यांच्या बसायच्या जागेपासून पाऊण तासाच्या चालीवर होतं. ते तिथे कधी गेले नाहीत.

मधे नुसती गरिबीच नव्हती, कारभारही होता. १८८१ साली म्हैसूरचं राज्य वडेयरांना परत मिळालं, पण कॅन्टोन्मेंट ब्रिटिश रेसिडेंटाच्या हातात राहिलं. सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन म्हणत त्याला. ते म्हैसूरकडे आलं १९४७ मध्ये. म्हणजे १९१६ साली एकाच गावात दोन सरकारं होती. पेठेच्या बाजूचं सेंट्रल कॉलेज म्हैसूर विद्यापीठात गेलं. कॅन्टोन्मेंटात १८८२ साली सुरू झालेलं सेंट जोसेफ्स मद्रास विद्यापीठाशीच जोडलेलं राहिलं. ब्लॅकपल्लीतला शिंप्याचा पोर या दोन्ही कारभारांच्या बाहेर होता. विद्यापीठ स्थापन होण्यात त्याचा भाग नव्हता, पटावरही त्याचं नाव नव्हतं.

नंजुंडय्या यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कुलगुरू होण्याआधी त्यांनी म्हैसूर संस्थानातल्या जातीजमातींच्या पाहणीचं काम केलं होतं. कन्नड साहित्य परिषदेचे ते पहिले अध्यक्ष. कोणती जात काय काम करते, कुठून आली, कुणाला पुजते, हे त्या माणसाला जितकं ठाऊक होतं तितकं क्वचितच कुणाला असेल. तरीही माहिती असणं आणि पटावर नाव येणं यांत अंतर राहतं. ते अंतर कमी करायला निराळा हिशेब मांडावा लागतो.

महाराष्ट्रात तो हिशेब आधीच मांडला गेला होता. १९ ऑक्टोबर १८८२ हा दिवस मला प्रत्येक कॉलेजच्या दिनदर्शिकेत हवा आहे. त्या दिवशी महात्मा फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर १८६२ साली बाहेर पडले: रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. चौघांची थोरवी वादातीत आहे. फुल्यांचा सवाल त्यांच्या थोरवीबद्दल नव्हताच. पैसा कुणाचा आणि बाक कुणाचा, एवढंच ते विचारत होते. माझ्या वाचनात कारभार आणि पट एका ओळीत आणणारा हा पहिला माणूस.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याचं उत्तर दिलं. १८९४ साली ते गादीवर आले तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि पाचशे कारकुनांत ब्राह्मणेतर जेमतेम दहा. २६ जुलै १९०२ च्या हुकमानं त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. हे सर्वांना माहीत असतं. मला त्याहून जवळची वाटते ती त्यांची वसतिगृहं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. १९०८ साली श्री नामदेव बोर्डिंगही निघालं, आमच्या शिंपी समाजाच्या मुलांसाठी. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. ही बातमी ब्लॅकपल्लीत पोचली नाही. पोचली असती तरी कोल्हापूर फार लांब होतं. पण महाराजांना कळलेली गोष्ट मला माझ्या टेबलावर रोज दिसायची: कॉलेजचं दार उघडलं म्हणून पोरगं आत टिकत नाही. रात्री डोकं टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं, तर टिकतं.

म्हैसूरलाही हा प्रश्न लवकरच भिडला. १९१७ मध्ये प्रजामित्र मंडळी ही ब्राह्मणेतरांची संघटना उभी राहिली. १९१८ मध्ये महाराजांनी मुख्य न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा मागास समाजांकडे जाव्यात, अशी शिफारस तिनं केली. विश्वेश्वरय्यांना हा मार्ग पटला नव्हता. नोकरीत गुणवत्तेचीच कसोटी हवी आणि मागे राहिलेल्यांसाठी शिक्षण वाढवावं, असं त्यांचं मत. त्याच वर्षअखेर त्यांनी दिवाणपद सोडलं.

विश्वेश्वरय्यांचं मोठेपण मला कुणी शिकवायला नको. ते सेंट्रल कॉलेजचेच विद्यार्थी. घरी पैसा नव्हता. एका कूर्गी कुटुंबातल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन ते शिकले आणि १८८१ मध्ये बी.ए. झाले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात गेले, १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाज्यांमुळे पुणेकर त्यांना आजही आपलं मानतात. पण हा प्रवास नीट बघा. शिकवणीची सोय झाली म्हणून ते पटावर टिकले आणि शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुण्याला पोचले. तिकडे मुंबईत बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या महिना पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली बी.ए. झाले. दोघांची बुद्धी असामान्य होती. ती बुद्धी परीक्षेच्या दिवसापर्यंत वर्गात बसून राहिली, कारण कुणीतरी मधल्या महिन्यांची सोय केली. आपल्या पटावरून जानेवारीत गळणाऱ्या पोरींमध्ये कोण असेल, हे आपल्याला कधीच कळणार नाही. कारण त्या गळाल्या हेच आपण लिहून ठेवत नाही.

आता कारभाराकडे येते. कॉलेज कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं फार सुंदर दिलंय. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था. टिळक, आगरकर इथेच शिकले. १९३४ साली सरकारनं ती बंद केली. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचा आधार घेऊन ते कोर्टात गेले, लढले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजची दारं पुन्हा उघडली, या वेळी संशोधन संस्था म्हणून. पदवी घेऊन गेलेल्या माणसांनी सांगितलं की कारभारात आमचाही शब्द आहे. मला माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत गाणी आणि जेवणं चालतात त्याचं वाईट वाटत नाही. पण त्याच मेळाव्यात कुणीतरी उठून विचारावं, यंदा पहिल्या वर्षाला आलेली किती मुलं दुसऱ्या वर्षाला पोचली?

विचारायला कायदा आडवा येत नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ९७ आहे. त्याप्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते. शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांना तिच्यात जागा आहे. आमच्या कर्नाटकातल्या सरकारी कॉलेजांतही विकास समित्या असतात. मी अशा बैठकांचं इतिवृत्त लिहिलंय. इमारत, रंगरंगोटी, पाण्याची टाकी, वार्षिकोत्सव हे विषय यायचे, यायलाच हवेत. पण हजेरीपट टेबलावर ठेवून 'ही पोरं कुठं गेली' असं कुणी विचारल्याचं इतिवृत्त माझ्या हातून लिहिलं गेलं नाही. विषयपत्रिका तयार करणाऱ्यांत मीही होते. तो विषय मी घालायला हवा होता, हे मला आज स्पष्ट दिसतं.

वसाहतीच्या काळातलं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. आजोबांची गोष्ट सांगितलीच आहे. पण म्हैसूरचं शिक्षण खातं दरवर्षी अहवाल छापायचं. संस्था, विद्यार्थी, मुली, खर्च, असे तक्ते त्यात असायचे. ते तक्ते अपुरे होते, पण छापील होते, म्हणून शंभर वर्षांनी मी प्रश्न विचारू शकते. आज माहिती कितीतरी पटींनी जास्त आहे, पण ती पोर्टलवर पासवर्डमागे आहे. साड्यांना फॉल लावणाऱ्या बाईला ती दिसत नाही. आपली मुलगी ज्या कॉलेजात जाणार, तिथे किती शिक्षक कायम आहेत आणि किती अतिथी व्याख्याते आहेत, हे तिला कोण सांगणार? महाराष्ट्रात अतिथी व्याख्यात्यांना तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक म्हणतात. नाव कोणतंही असो, ज्या शिक्षकाला पुढच्या जूनची खात्री नाही, त्यानं गळणाऱ्या पोरीच्या घरी जाऊन यावं, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करायची?

माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा यावर आक्षेप आहे आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, आधीच माणसं कमी, एकाच कारकुनावर शिष्यवृत्ती, परीक्षा, पगारबिलं, त्यात आणखी एक तक्ता कशाला? दुसरं म्हणजे गळतीचा आकडा छापला की कॉलेजची बदनामी होईल, आणि मग कॉलेजं कच्च्या पोरांना प्रवेशच देणार नाहीत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नवा तक्ता नकोच. हजेरीपट आहे, परीक्षा फॉर्मची यादी आहे. दोन याद्या शेजारी ठेवल्या की अर्ध्या दिवसात आकडा निघतो. मी तो काढू शकले असते. दुसरा आक्षेप खरा धोका सांगतो. म्हणून आकड्यासोबत कारण छापावं: लग्न, नोकरी, आजारपण, फी, वसतिगृह न मिळणं, भाषा न समजणं. कारण छापलं की बोट कॉलेजकडे न जाता त्या अडचणीकडे जाईल. आणि जे कॉलेज गरीब वस्तीतली पोरं घेऊन त्यांतली जास्त टिकवतं, त्याचा मान तेव्हा सर्वांना दिसेल. आज तो मान फक्त गुणवत्ता यादीवाल्यांना मिळतो.

माझी मागणी एका पानाची आहे. दर जूनमध्ये प्रत्येक सरकारी आणि अनुदानित कॉलेजच्या फाटकावर एक पान लागावं. गेल्या सप्टेंबरात पटावर किती, मार्चअखेर वर्गात किती, परीक्षेला बसले किती. त्यांत मुली किती, घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेले किती. सोडून गेलेल्यांची कारणं, नावांशिवाय. मंजूर शिक्षक किती, भरलेल्या जागा किती. विकास समितीत कोण आहे आणि ती वर्षात किती वेळा बसली. बेंगळुरूत हे पान कन्नडमध्ये असावं, आणि वस्तीप्रमाणे उर्दूत, तमिळमध्येही. महाराष्ट्रात मराठीत असावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ सालचा आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अशी माहिती कुणी मागायच्या आधीच संस्थेनं स्वतःहून जाहीर करायची असते.

१९७४ साली माझे अप्पा मला घेऊन सेंट्रल कॉलेजच्या प्रवेशाला आले. आमच्या घरातलं कॉलेजात जाणारं मी पहिलं माणूस. विज्ञानाच्या वर्गात माझं नाव लागलं. दुसऱ्या वर्षी अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दुकान तीन महिने बंद राहिलं आणि मी सोडायला निघाले होते. तेव्हा आजोबांनी पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा सुई हातात घेतली. शेजारच्या दुकानाची काजं ते घरी आणायचे, खिडकीजवळ बसून करायचे, आणि महिन्याच्या शेवटी माझ्या हातात पैसे ठेवायचे. "परीक्षेपर्यंत बस," एवढंच म्हणायचे. माझं मधलं वर्ष असं पार पडलं. ज्या पोरींना असे आजोबा नसतात, त्यांच्यासाठी कॉलेज असतं, विद्यापीठ असतं, सरकार असतं. त्यांना आधी कळायला तरी हवं की कुणीतरी उठून चाललंय.

म्हणून येत्या जूनमध्ये मी जवळपासच्या पाच सरकारी कॉलेजांत माहिती अधिकाराचे अर्ज देणार आहे. प्रत्येकी दहा रुपये लागतात. प्रश्न दोनच: सप्टेंबरात किती होते, परीक्षेला किती बसले. पुण्याच्या ताईला मी सांगितलंय, तू तुझ्या कॉलेजात दे. ती म्हणाली, अर्ज कसा लिहायचा ते पाठव. तो मी काल रात्री लिहून पाठवला.